राखाडी चादर

१

मास्तर परदेशी आले तेव्हा त्यांना वाटलं होतं, त्रास होईल तो भाषेचा, थंडीचा आणि जेवणाचा. भाषेवाचून काही अडलं नाही. धुलाईच्या कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत बोलतंय कोण! थंडीला दोन स्वेटर पुरले. जेवण स्वतःच्याच हातचं, त्यामुळे नावं ठेवायची सोय नव्हती. अडचण आली ती झोपण्याची. खोलीत पलंग एक आणि माणसं दोन.

खोली बघून दिली मामांनी. हे काही मास्तरांचे सख्खे मामा नव्हेत. कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, आपली भाषा बोलणारा, म्हणून सगळ्यांचाच मामा. पहिल्या दिवशी तीन मजले चढता चढता धापा टाकत त्यांनी नियम सांगितले.

"सकाळी सहाला तू बाहेर, संध्याकाळी सहाला आत. मधले बारा तास खोली त्याची. तो रात्रपाळीला असतो कुठेतरी. तुझी चादर निळी, त्याची राखाडी. जो येईल त्याने आधीच्याची चादर काढायची, घडी करून कपाटात ठेवायची, आपली अंथरायची. कळलं?"

"आणि कधी गाठ पडली तर?"

"कशाला पडतेय? आपली वेळ नसताना दाराला हात लावायचा नाही, की झालं. तुला काय सोयरीक जुळवायची आहे त्याच्याशी?"

मास्तर हसले. हसण्यासारखंच होतं ते. पाच महिने एका पलंगावर झोपून त्यांनी त्या माणसाचं नखसुद्धा पाहिलं नाही. सकाळी सहाला जिना उतरताना वर येणारं कुणी भेटत नसे, आणि संध्याकाळी चढताना खाली जाणारं कुणी नसे. खोलीत त्याची वस्तू म्हणाल तर ती एक चादर. ना चपला, ना कंगवा, ना दोरीवर वाळत घातलेला बनियन. माणूस भलताच टापटिपीचा दिसतोय, असं मास्तर मनाशी म्हणत. शिवाय त्यांची निळी चादर तो कपाटात इतकी सुरेख घडी घालून ठेवायचा, की काठाला काठ आणि कोपऱ्याला कोपरा. पंधरा वर्षं याच धंद्यात घालवलेल्या मास्तरांनाही त्यात खोट काढता आली नसती. हाही आपल्यातलाच कुणी असावा, असं वाटून त्यांना उगीच बरं वाटायचं.

२

मास्तर हे नाव त्यांना इकडे येण्याआधीच चिकटलेलं. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत ते पोरसवदा लागले आणि मास्तर होऊन बाहेर पडले. इथल्या कारखान्यात हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या, दिवसाला हजारोंनी. मळक्या चादरी हाताने निवडायच्या, गाड्यात भरायच्या, धुऊन आल्या की दोघांनी दोन टोकं धरून इस्त्रीच्या तापलेल्या रुळांत सोडायच्या. मास्तर निवडण्याच्या टेबलावर. चादर नुसती पसरली की त्यांना कळायचं, झोपणारा कुशीवर झोपतो की पालथा, रात्रभर तळमळलाय की गाढ झोपलाय, एकटा होता की सोबत कुणी होतं. मामा गमतीने म्हणायचे, "लोक हात बघून भविष्य सांगतात, हा गडी चादर बघून भूतकाळ सांगतो."

कारखान्याच्या फाटकावर फोन जमा करावे लागत. मास्तरांचा फोन तसाही तिथवर येत नसे. त्याची बॅटरी मेलेली होती, कोपऱ्यातली काच तडकलेली होती, आणि तारेला लावला तरच तो जिवंत व्हायचा. म्हणून तो कायम खोलीतच, खिडकीच्या कट्ट्यावर. आणि त्या फोनमध्येच मास्तरांचं घर. घरी बायको होती आणि चार वर्षांची ठकू होती.

घोटाळा होता वेळेचा. मास्तर पहाटे फोन लावायचे तेव्हा तिकडे ठकू बालवाडीत गेलेली असे. संध्याकाळी खोलीवर येऊन लावायचे तेव्हा ती झोपलेली, नाहीतर झोपेने किरकिरत असलेली. तिची खेळायची, बडबडायची वेळ म्हणजे घरची संध्याकाळ, आणि ती इकडची ऐन दुपार. दुपारी खोली मास्तरांची नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते कामावर जायचे, कारण दिवसा जायचं कुठे?

एकदा बायको हसत हसत सांगून गेली. "अहो, आज काय झालं माहितीये? भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट करून विचारते, आई, हे काका कोण?"

बायको हसली म्हणून मास्तरही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते बोटांवर महिने मोजत बसले. दोन वर्षांचा करार, त्यातले पाच महिनेच झालेले. पोर आपल्याला विसरत चाललीय आणि आपण इथे परक्यांच्या चादरी निवडतोय, हे त्यांच्या मनातून काही जाईना.

३

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. संध्याकाळी मास्तर खोलीवर आले, दिवा लावला आणि राखाडी चादर काढायला वाकले. रोजचंच काम. पण त्या दिवशी टेबलावर साताठशे चादरी डोळ्यांखालून गेल्या होत्या, आणि नजर काही खोलीवर पोचलं म्हणून बंद होत नाही. हात चादरीला लागला आणि तसाच थांबला.

झोपणारा डाव्या कुशीवर झोपला होता. उजवा गुडघा पोटाशी घेतलेला. उशीखाली मूठ. डाव्या टाचेशी चुण्यांचा पुंजका, झोपेत टाच घासायची सवय असलेल्या माणसाचा असतो तसा.

लहानपणी मास्तर पेरूच्या झाडावरून पडले होते. उजवा गुडघा तेव्हापासून सरळ ठेवला की ठणकायचा, म्हणून तो पोटाशी घेऊन झोपायची त्यांना सवय लागली. उशीखाली मूठ ठेवण्यावरून बायको चिडवायची. टाच घासण्यावरून तर भांडणं झाली होती.

'गादी जुनी आहे,' मास्तर स्वतःला म्हणाले. 'आपल्या अंगाचा खड्डा पडलाय. त्यात कुणीही झोपलं तरी तसंच घरंगळणार.' बोलणं पटण्यासारखं होतं. त्यांनी गादी उचलून उलटी केली, डोक्याकडची बाजू पायाकडे केली, निळी चादर अंथरली आणि झोपले. झोप मात्र लागली नाही. पहाटे उठून ते फोनही न लावता जिना उतरले.

दुसऱ्या संध्याकाळी राखाडी चादरीवर तोच गुडघा, तीच मूठ, तीच टाच.

मास्तरांनी चादर नाकाला लावली. माणूस बारा तास झोपला म्हणजे घामाचा, तेलाचा, कशाचा तरी वास यायला हवा. एखादा केस तरी सापडायला हवा. या चादरीला काहीच वास नव्हता. आणि एवढे दिवस लक्षात न आलेली एक गोष्ट त्यांच्या आता लक्षात आली. त्यांनी पलंगावर तळहात टेकवला. सहाला गेलेल्या माणसाची ऊब सहा वाजता गादीत असायला हवी. गादी गार होती. ती रोजच गार असायची.

४

"अहो, दुपारी काय जादू केलीत हो पोरीवर?" बायकोने फोन उचलल्या उचलल्या विचारलं.

"म्हणजे?"

"आता म्हणजे काय विचारताय? तासभर बोलत होतात की! माझा फोन घेऊन बसली ती उठेचना. जेवतानासुद्धा बाबा असं म्हणाले, बाबा तसं म्हणाले. नुसती टकळी चालू होती. आत्ता झोपली. झोपतानाही हसत होती बघा."

मास्तरांचा हात फोनभोवती आवळला. आपण दुपारी टेबलावर होतो. शपथेवर सांगू शकलो असतो. डाव्या हाताला मामा होते, उजव्या हाताला मळक्या चादरींचा ढीग होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पुढे कितीदा तरी मास्तरांनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं तसा हा क्षण आठवला. पण बायकोचा आवाज इतक्या महिन्यांनी असा मोकळा लागला होता, आणि पोर हसत झोपली होती. या दोन गोष्टींपुढे त्यांची जीभ उचललीच नाही.

"हं," ते म्हणाले. "जरा वेळ मिळाला आज."

"रोज मिळवा की मग!"

त्या माणसाने आपल्या फोनवरून बोलणं केलं असणार. घरून फोन आला असेल, त्याने उचलला असेल, पोर लाघवी आहे, लागला असेल लळा. पण बायकोने चेहरा पाहिला नसेल का? आवाज? मास्तरांनी फोनमधली यादी उघडून पाहिली. दुपारच्या नावाने काही नव्हतं. पुसलं असेल त्याने. टापटिपीचा माणूस आहे.

दुसऱ्या दिवशीही दुपारी बोलणं झालं होतं. तिसऱ्याही. मास्तर रोज संध्याकाळी बायकोकडून काढून घ्यायचे, की आपण काय बोललो, आणि रोज "हं" म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर, रोज थोडे सुखावायचेही. ठकू आता फोटोला काका म्हणत नव्हती.

५

"तो रुमालाचा उंदीर बाई भारीच," बायको एका संध्याकाळी म्हणाली. "हातावरून टुणकन उडी मारतो आणि ही खिदळते. आणखी एक, आणखी एक, करत राहते. मला कधी करून दाखवला नाहीत तो!"

मास्तरांनी फोन ठेवला.

रुमालाचा उंदीर त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवला होता. गाठ उजवीकडून मारायची आणि शेपटी डाव्या टोकाची ओढायची. ठकूला दाखवू, दाखवू म्हणत राहून गेला होता. घरात दुसऱ्या कुणाला तो येत नव्हता. बायकोला तर असा काही उंदीर असतो हेच ठाऊक नव्हतं.

त्यांनी कपाट उघडलं. सहाच्या सहा रुमाल इस्त्रीच्या घडीत जागच्या जागी होते. एकेक उलगडून दिव्याखाली धरला. चौथ्यावर चुण्या सापडल्या, वरून दाबून मोडलेल्या, पण होत्या. उजवीकडून गाठ. डावं टोक ताणलेलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर फोन तारेवरून काढून बरोबर घेऊन गेले. फाटकावर तो मेलेला फोन जमा करताना रखवालदार त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला. दिवसभर मास्तरांना हायसं वाटत होतं. आता कसा बोलतो बघू, असं ते दोनदा मोठ्याने म्हणालेसुद्धा.

जेवणाच्या सुट्टीनंतर मामा टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांची साप्ताहिक सुट्टी काल झाली होती, त्यामुळे गडी खुशीत होता. मामांची खोली मास्तरांच्या समोरच्या इमारतीत, बरोबर खिडकीसमोर.

"काय रे मास्तर, काल दांडी मारलीस वाटतं?"

"नाही बुवा. का?"

"मग दुपारी खिडकीत कोण उभं होतं, तुझा काका? मी हात केला, तूही केलास. मग वळून फोनवर हसायला लागलास. म्हटलं, चला, एकदाचा रुळला बिचारा. आल्यापासून नुसतं सुतकी तोंड करून हिंडत होतास."

"मामा, तुम्ही त्या माणसाला कधी पाहिलंय? माझ्या खोलीतल्या?"

"मी? मी कशाला बघू?" मामांनी खांदे उडवले. "खोली मला घरमालकाने दाखवली. तो म्हणाला, दोघांची आहे. मी म्हटलं, असू दे."

संध्याकाळी मास्तरांनी फोन तारेला लावला. बायकोने लगेच उचलला.

"आज काय हसवलंत हो तिला! पाणी पिताना ठसका लागला पोरीला."

६

मग मात्र मास्तरांनी सगळं सांगितलं. चादर, उंदीर, फाटकावर जमा केलेला फोन, मामांनी पाहिलेला माणूस. बायको ऐकत होती. मधे मधे हुंकार देत होती. शेवटी म्हणाली, "झोप होत नाहीये का हो तुमची?"

"अगं, मी नव्हतो! एकदाही नव्हतो!"

"मी बघते ना तुम्हाला समोर. तुम्हीच असता. उलट आताच कसेतरी दिसता, ओढलेले. दुपारी कसे ताजेतवाने असता." मग तिचा आवाज बदलला. "असलं काही बोलू नका. मला भीती वाटते."

"ठकूला दे फोन."

"झोपेला आलीय ती."

"दे म्हणतो ना!"

पडद्यावर अंधार हलला आणि ठकूचा चेहरा आला. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या काठाचा वळ. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. गाठ मारली, उजवीकडून, शेपटी ओढली आणि उंदीर हातावर धरला.

"ठकू, हे बघ काय!"

ठकूने उंदराकडे पाहिलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. अनोळखी माणूस दारात आला की मुलं बघतात तशी. मग मान फिरवून आईच्या खांद्यात शिरली.

"अगं, बाबा आहेत ना!" बायको म्हणाली.

"हे नाही," ठकू खांद्यातूनच म्हणाली. "दुपारचे बाबा."

७

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला मास्तरांनी मुकादमाला पोट धरून दाखवलं आणि फाटकातून बाहेर पडले. तो मेलेला फोन आज पुन्हा बरोबर आणला होता. रखवालदाराकडून घेऊन त्यांनी तो पँटच्या खिशात घातला. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. पाच महिन्यांत हा रस्ता त्यांनी उन्हात कधी पाहिला नव्हता. दुकानांच्या काचांत माणसं जाताना दिसत होती, स्वतःकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

त्यांनी मनाशी सगळं ठरवलं होतं. दार उघडायचं, त्याची गचांडी धरायची, उजेडात तोंड बघायचं. माणूस असेल. माणूसच असणार. दिसत असेल आपल्यासारखा थोडाफार. जगात काय एकासारखी एक माणसं नसतात? माणूस म्हटला की भांडता येतं, मारता येतं, पाया पडता येतं. बाबा रे, मला माझी पोर परत दे, म्हणता येतं.

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या गुडघ्यातून कळ गेली. दाराशी ते श्वास आवरत उभे राहिले. आतून बोलणं ऐकू येत होतं.

आवाज त्यांचा होता. पण दमलेला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी असायचा तसा, मजेत, मधेच नाक फुरफुरत हसणारा. स्वतःचा असा आवाज मास्तरांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"मग उंदीरमामा म्हणाले, मी नाही बाई शाळेत जायचा!"

आणि ठकूचं हसू. खळखळून, थांबून, पुन्हा.

मास्तरांनी किल्ली लावली. आवाज न करता फिरवली. दार चार बोटं उघडलं.

खोलीत ऊन आलं होतं. पलंगावर राखाडी चादर, आणि तिच्यावर डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून, उजवा गुडघा पोटाशी घेतलेलं कुणीतरी. पाठ दिसत होती. मानेवरची केसांची रेघ दिसत होती. डावी टाच चादरीवर हळूहळू घासत होती. कट्ट्यावर फोन उभा होता, कोपऱ्यातली काच तडकलेला. मास्तरांनी खिसा चाचपला. त्यांचा फोन खिशात होता.

कट्ट्यावरच्या फोनमध्ये ठकू हसत होती. मास्तरांनी तिला असं, या वेळचं, कधी पाहिलंच नव्हतं. खेळून लाल झालेली, तोंडाला काहीतरी लागलेलं, डोळे टक्क जागे. 'केवढी मोठी झाली,' त्यांच्या मनात आलं, आणि हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं.

ठकूची नजर वर गेली. पाठीच्या वरून, दाराकडे. हसू थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या मागे कोण उभंय?"

टाच घासायची थांबली. पाठ वळली नाही.

"कोणी नाही गं," तो आवाज म्हणाला, अगदी मायेने. "घाबरायचं नाही. त्याची कामावर जायची वेळ झालीय. जाईल आता."

"त्याला जायला सांगा," ठकू म्हणाली. तिचा ओठ थरथरायला लागला. "बाबा, त्याला सांगा ना!"

मास्तरांचा हात दारावर होता. एक पाऊल पुढे टाकलं असतं, तर ती किंचाळली असती. मास्तरांना ते स्पष्ट दिसलं. आपली पोर भ्यायली होती, आणि भ्यायली होती ती आपल्याला. तिचं रडू थांबवायचा एकच उपाय होता आणि तो त्यांच्याच हातात होता.

त्यांनी दार ओढून घेतलं. किल्ली फिरवली, आवाज न करता. मग कठड्याला धरून पहिल्याच पायरीवर बसले.

थोडा वेळ आत हुंदके चालले. मग तो आवाज हळू हळू काहीतरी सांगू लागला. मग रुमाल झटकल्यासारखं काहीतरी वाजलं, आणि ठकू हसली. आधी बिचकत, मग खळखळून.

मास्तर ते संपेपर्यंत ऐकत राहिले. मग उठून कामावर गेले.